शंभर व्होल्टचा देश

१२ एप्रिल, चिचगड

जपानात घरोघरी शंभर व्होल्ट, आपल्याकडं दोनशे तीस. प्रज्ञा येत्या परवा नर्सिंगच्या नोकरीला तिकडं जाणार. तिचा फोन चार्ज व्हावा म्हणून माझ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात बसून तीन दिवस तार गुंडाळून शंभराचे दोनशे तीस करणारा ट्रान्सफॉर्मर बनवला. माझ्या हातचं काहीतरी तिच्याजवळ राहावं, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी तिच्या घरी नेला तर हसली. "अरे, हा चार किलोचा धोंडा नेऊ का कपडे नेऊ?"

माझं डोकं फिरलं. "नको तर नको नेऊ!"

तिनं भिंतीला लावलेला फोनचा चार्जर काढून हातात दिला. "कॉलेज सोडलं, वाचणं तर नाही ना सोडलं?"

बारीक अक्षरं होती. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. एवढासा जीव अन् साऱ्या जगाची वीज झेलतो! मी वाइंडिंगवाला, मग मी कधी काऊन वाचलं नाही?

सॉकेटात मीटर लावला. एकशे बारा! गावभर उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू होत्या ना, त्यानं व्होल्टेज पडलेलं. म्हणजे तिचा फोन रोज संध्याकाळी जवळपास जपानच्याच विजेवर चार्ज होऊन राहिला होता. लिहितानाही अंगावर काटा येतो. शंभर ते दोनशे चाळीस.

मग ट्रान्सफॉर्मर तिथल्याच मरतुकड्या पंख्याला जोडला. पंखा असा सुटला की कॅलेंडर उडालं. प्रज्ञा आ वासून वर बघत राहिली, मग माझ्याकडं.

मी तिच्या आईला बजावलं, "मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढते. तेव्हा हा ट्रान्सफॉर्मर लगेच काढा, नाहीतर पंखा जळन."

"मले नाही जमत बाबू," आई म्हणाली. "रोज तूच येऊन काढत जाजो."