आपण नवे कधीपासून

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कान पकडतो. इथल्या इमारतींच्या लिफ्ट म्हाताऱ्या झाल्यात आणि जणू आपसांत ठरवून आजारी पडतात. एक मी उठवली की दुसरी बसते. आता माझ्याही गुडघ्यांतून लिफ्टसारखाच आवाज येतो.

गोड बातमी अशी, की सूनबाईला दिवस गेलेत. तू आत्याआजी होणार. तुझ्या भावजयीने आतापासून दुपटी शिवायला काढली आहेत. ती बघून तू पुन्हा उसवशील, हे मी तिला सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या आडनावाची. सूनबाईचं नाव दवाखान्यात नोंदवायला गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी आडनाव विचारलं. मी नवे म्हणालो. नवे आहात ते दिसतंय, आडनाव सांगा, असं त्या म्हणाल्या. मागचे सगळे हसले. जन्मभर हा विनोद ऐकला आणि दरवेळी मीही हसलो, पण या खेपेला हसू आलं नाही. सूनबाईच्या माहेरचे लोक सात पिढ्यांची गावं घडाघडा सांगतात आणि आमच्याकडे वळून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? मी चहा पुढे करतो.

आमच्या इमारतीत एक निवृत्त वकील आहेत. त्यांचं म्हणणं, की नवे हे आडनावच नव्हे, कुणीतरी चिकटवलेलं टोपणनाव आहे. खरं आडनाव त्याच्या मागे दडलं असणार, कदाचित आपण सरदारसुद्धा असू. बाळ यायच्या आत अर्ज करून मूळचं आडनाव परत लावून घ्यावं, असं मी ठरवलंय. तेवढं बाबांना विचारून कळव. त्यांच्याशिवाय ते ठाऊक असणारं कुणी उरलं नाही.

प्रकृतीला जप. माया आहेच, उशिराबद्दल ती कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

---

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळाची बातमी वाचली तेव्हा शाळेच्या गणवेशाची बाही मशिनवर होती. ती तशीच ठेवून बाबांना सांगायला गेले. ते खूश झाले. मग बाळ कुणाचं म्हणून विचारलं. सांगितलं. पुन्हा खूश झाले. असं तीनदा झालं, तेव्हा तुझ्या बाळाचं कौतुक इकडे तिप्पट झालं असं समज.

बाबांचं असंच चाललंय. सकाळी थोडा वेळ डोकं ताळ्यावर असतं. त्या वेळात त्यांचं जुनं गवंडीकाम सुरू. पडल्या पडल्या भिंतीला तळवा लावतात आणि ओल धरली आहे, गिलावा खरवडा म्हणतात. ओल खरंच आहे. गिलावा कोण खरवडणार? मला मात्र न चुकता ओळखतात. वरणात मीठ कमी पडलं की बरोबर मलाच हाक येते.

आडनावाचं विचारलं. तुला आठवत असेल तसंच झालं, त्यांनी तोंड फिरवलं. लहानपणी विचारलं तर म्हणायचे, भिंत उभी आहे ना, मग पाया कशाला उकरता? मी जास्त ताणलं नाही. त्यांची दुपार बिघडली की माझी संध्याकाळ बिघडते.

सरदारांचं वाचून बरं वाटलं. एखाद्या सरदाराला सवड काढून पाठव. तीर्थरूपांचं अंथरूण दिवसातून कितीदा तरी बदलावं लागतं, चादरी पुरत नाहीत आणि गणवेश शाळा उघडायच्या आत हवे आहेत. मी शिवायला बसते तेव्हा एक कान बाबांच्या खोलीत असतो. झोपते तेव्हाही तो तिथेच राहतो. तक्रार नाही रे. दमले आहे, एवढंच.

भावजयीला सांग, दुपट्याची शिवण वरच्या बाजूला ठेव, आतून बाळाला टोचते. सगळ्यांना आशीर्वाद, आणि आठवण काढता तशी काढत राहा.

तुझी,
ताई

---

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे, कारण बोटाला पट्टी आहे. शिवता शिवता डोळा लागला आणि मशिनची सुई बोटातून गेली. बाबा खोलीतून हाका मारत होते आणि मला सुई वर घेता येईना, की उठता येईना. शेवटी दुसऱ्या हाताने चाक फिरवलं.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी बोट बांधलं. म्हणाल्या, बोट भरून येईल, तुमचं काय? झोपता कधी? मी तिथेच रडले. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

मधल्या दिवसांत तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत आडनाव. वकील काय म्हणाले, त्यांच्या ओळखीचे कोण काय म्हणाले. माझी विचारपूस शेवटच्या ओळीत, तीही छापल्यासारखी. चिडून लिहीत नाही. चिडायला अंगात जोर लागतो.

बटणवाली मैत्रीण केव्हाची बोलावते आहे. तिच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे जाऊन पडणार आहे. तुला आडनाव हवं असेल तर स्वतः येऊन बाबांना विचार. मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. गाडीचा दिवस कळव, म्हणजे तू आलास की किल्ली तुझ्या हातात देऊन निघता येईल.

लोभ आहे म्हणून तर इतकं स्पष्ट लिहिलं.

ताई

---

२ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू दारात उभ्या उभ्या सगळं समजावलंस ते अर्धंच डोक्यात राहिलं. कूस बदलायची रीत आता जमली. वरण मात्र अजून जमत नाही. बाबा एक घास घेतात आणि तुला हाक मारतात. पाठ अशी दुखते, की लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं सोपं वाटावं. तू हे इतकी वर्षं केलंस. मी नुसती पत्रं पाठवली.

बाबा मला ओळखत नाहीत. पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाले, मग भाडेकरू. मी तुमचा मुलगा, असं सांगितलं की चिडतात. माझा मुलगा लांब असतो, लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला रजा मिळत नाही, असं मलाच ऐकवतात. तुझ्याबद्दल बोलताना आवाजात हक्क असतो. माझ्याबद्दल बोलताना नुसती समजूत असते. ते ऐकणं फार जड जातं गं.

काल सकाळी त्यांची दाढी करत होतो. अर्धा गाल झाला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. कोण तू, म्हणाले. मी इतका थकलो होतो, की मुलगा आहे हे पुन्हा सांगून बोलणी खायची ताकद नव्हती. नुसतं म्हणालो, नवे. त्यांनी वेगळंच ऐकलं. चेहरा एकदम मऊ झाला. घाबरू नकोस, म्हणाले, आम्हीही असेच आलो.

मग सांगायला लागले. त्यांची आजी, म्हणजे आपली पणजी, दोन पोरं घेऊन चालत आली होती. मुलगा हाताशी, मुलगी कडेवर. गावात साथ आली, नवरा गेला, सासरचं कुणी उरलं नाही. आडनाव गावावरून पडलेलं. ते उच्चारलं की साथीचं गाव कळायचं आणि दारं लागायची. एका वस्तीवर तिने खरं आडनाव सांगितलं, तर लोकांनी पाणवठ्याकडे फिरकू दिलं नाही. पुढच्या रस्त्यात मुलगी गेली. साथीने नाही, तहानेने.

त्यानंतर एक वीटभट्टी लागली. मुकादमाने विचारलं, कोण? ती म्हणाली, नवे आहोत. त्याने पुढे काही विचारलं नाही, चिखल तुडवायची जागा दाखवली. हजेरीला काहीतरी हाक मारायला हवी म्हणून तो त्यांना नवे म्हणू लागला. मुलाला तिने बजावलं, की मागचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्याने, म्हणजे आपल्या आजोबांनी, ते मरेपर्यंत काढलं नाही. बाबांनी लहान असताना आजीला एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली, त्या नावाने तुझ्या आत्याला पाणी मिळालं नाही.

म्हणजे बाबा लपवत नव्हते, ताई. त्यांनाही ते ठाऊक नाही. आपण विचारायचो तेव्हा त्यांना ती पोर दिसत असणार.

एवढं सांगून ते अंथरुणात जरा सरकले, शेजारी जागा केली आणि मला म्हणाले, बस. इथली माती चांगली आहे, काम मिळेल. मी बसलो. गालावरचा साबण वाळून गेला तरी तसाच बसून होतो.

अर्जाचा विचार सोडला. वकिलांना कळवलं, की सरदारकी मिळाली नाही. रजा वाढवून घेतली आहे. तू घाई करू नकोस. वरणाचं माप मात्र पत्राने पाठव.

थोडा राग उरला असेल तर तोही चालेल, पण पत्र लिही.

धाकटा

---

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आल्यावर पहिले काही दिवस मी फक्त झोपले. बटणवाली मध्येच येऊन मी श्वास घेते आहे का ते बघून जायची. आता दुकानात बसते, बटणं रंगाप्रमाणे लावते. गिऱ्हाईक आलं की तीच बोलते, मला बोलावं लागत नाही. इतकं सुख मी मागितलंही नसतं.

तुझं पत्र वाचलं आणि आधी भयंकर राग आला. बाबांचा. वर्षानुवर्षं मी त्यांची कूस बदलते आणि त्यांनी सांगितलं कुणाला, तर दारात आलेल्या परक्याला. बटणवालीपाशी बडबडले. ती म्हणाली, ओळखीच्या माणसाला कसं सांगणार? त्याला रोज तोंड दाखवायचं असतं. खरं असेल. राग पुरता गेलेला नाही, पण रात्री झोप लागते.

व्यवहाराचं लिहिते. महिनाअखेर मी येते. मी आल्याबरोबर तू पळायचं नाहीस, थोडे दिवस दोघं मिळून राहू. मग सूनबाईचे दिवस भरत आले की तू जा. बाळाने जरा बाळसं धरलं की परत ये आणि मला सोड. यापुढे असंच, आळीपाळीने. एकटीने आता होणार नाही, हे मी स्वतःलाही पहिल्यांदाच सांगते आहे. वरणाचं माप विचारू नकोस. मीठ तू घालतोस त्याच्या दुप्पट.

ती बाई मनातून जात नाही. चार पिढ्या आपण तिचं आडनाव कधी दडवलं, कधी शोधलं. तिला स्वतःचं नाव असेलच ना? आणि त्या मुलीला? चालताना तिने पोरीला काहीतरी हाक मारलीच असेल. बाबांनी ती नावं ऐकली असतील. आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही विचारायचं.

तेव्हा आता एक कर. बाबा पुन्हा कोण तू म्हणतील, तेव्हा मुलगा आहे असं सांगायची घाई करू नकोस. मला ठाऊक आहे, तुला ते जड जातं. तरी नवा आहे म्हण, त्यांनी जागा केली की बस, आणि त्या दोघींची नावं विचार. आठवली तर त्याच दिवशी मला कळव. नाही आठवली तर त्यांना टोकू नकोस, हातात हात घेऊन बसून राहा.

बाबांना नमस्कार सांग. कुणाचा विचारतील. माझा म्हण, ओळखतील.

माया करत राहा. इकडून ती आहेच.

तुझी,
ताई