आबांचा ट्रॅक्टर, ओरिजिनल पार्टसह

१४ जानेवारी १९७०. संक्रांत.
निश्चय केला. वडिलांचा, म्हणजे आबांचा, ट्रॅक्टर चालू करायचा. दुसरी मोठी लढाई संपल्यावर नगरला लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात आबांनी हा विलायती ट्रॅक्टर घेतला. नेवासा तालुक्यातला पहिलाच असणार. आबांच्या शेवटच्या वर्षांपासून चिंचेखाली उभा आहे. कोंबड्या त्यात अंडी घालतात.
चुलतभाऊ काकासाहेबाने परवा नवा लालभडक ट्रॅक्टर आणला. त्याचा माझ्या निश्चयाशी काही संबंध नाही.
तत्त्व एकच: सगळे पार्ट ओरिजिनल. ठिगळ चालणार नाही. अक्षय्य तृतीयेला नांगरट.
हिला, म्हणजे छबूला, सांगितलं. म्हणाली, "आधी कोंबड्या कुठं बसवायच्या ते सांगा."

२३ जानेवारी.
घोडेगावच्या बाजारात बैल विकले. परतीची वाट ठेवली की माणूस ढिला पडतो.
हिने दिवसभर रिकामा गोठा झाडला. रात्री एवढंच म्हणाली, "बैल इकलं. आता नांगराला कोन, तुमी?"
छबूला यंत्रयुग समजायला वेळ लागेल.

२ फेब्रुवारी.
एक्स्पर्ट मिळाला. एलिया. मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायचा, सध्या मोकळा आहे. आला तो सरळ बॉनेटला कान लावून बसला. बराच वेळ. मग म्हणाला, "गहिनीनाथराव, हार्ट चांगलं हाय."
इंजिन बंद असताना इतकं कळणं सोपं नाही.

१५ फेब्रुवारी.
सगळा ट्रॅक्टर खोलला. पार्ट ओसरीवर पोत्यांवर मांडले. डाव्या बाजूच्या पार्टांवर खडूने 'डा', उजव्यावर 'उ'. निम्मे मी लिहिले, निम्मे एलियाने. सिस्टीम असली की काम सोपं.
कंपनीचं पुस्तक इंग्रजीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, फक्त इंग्रजी राहिलं. चित्रं स्पष्ट आहेत.
पाहुणे आले तर बसवायचे कुठे, हा हिचा प्रश्न. पाहुणे काय, येतच असतात.

१ मार्च.
गहाळ पार्टांचा शोध. स्टिअरिंग शेजारच्या गोजरबाईंच्या रांजणाखाली सापडलं. म्हणाल्या, "तुज्या आबानंच दिलं हुतं. इतकी वर्सं रांजन कसा गुमान बसलाय त्याच्यावर." बदल्यात आमची तिवई दिली.
धुराडं छगनच्या हॉटेलात, भट्टीला जोडलेलं. काढून आणलं. हॉटेलात आता धूर कोंडतो, आणि छगन मला चहा देत नाही.
ही दोन दिवस तिवई शोधते आहे.

२० मार्च.
काकासाहेब येऊन गेला. पोत्यांकडे पाहत म्हणाला, "नाथा, मी नांगरून देतो की. एका दिसाचं काम हाय."
नम्रपणे नकार दिला. आतून जळतोय बिचारा.

७ एप्रिल. पाडवा.
मुंबईच्या भंगारबाजारातून इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो आणला. एलिया म्हणाला, हा बोटीचा दिसतो. पण अक्षरं इंग्रजी आहेत. विलायती म्हणजे नात्यातलाच.
गुढी उभारायची राहिली. हिने उभारली.

८ मे. अक्षय्य तृतीया.
थोडं काम बाकी. तृतीया काय, दर महिन्याला येते.

२१ मे.
जोडणी पूर्ण. तीन नट आणि एक वायसर उरला. एलिया म्हणतो, कंपनी जास्तीचेच देते. इंग्रजांचा हात सढळ.

२४ मे.
सकाळी नारळ फोडला. सारा गाव जमला. एलियाने हँडल मारलं. सहाव्यांदा की सातव्यांदा, आठवत नाही, पण चालू झाला! चिंचेवरचे कावळे उडाले. आबा ट्रॅक्टर घेऊन यायचे आणि उतरून फेटा सारखा करायचे, तेव्हाचाच तो आवाज. माझे डोळे भरून आले. केरोसिनच्या धुराने.
पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर मागे गेला.
दुसरा टाकला. जास्त वेगाने मागे गेला.
गडबडीत तिसरा पडला. काकासाहेबाच्या कांद्याच्या ढिगात थांबलो.
रिव्हर्स टाकल्यावर पुढे आला. सावकाश.
एलियाने खाली वाकून पाहिलं. म्हणाला, आतलं मोठं चाक उलट्या बाजूला बसलंय. कारण कळलं. मी 'डावं' सीटवर बसून लिहिलं होतं, एलियाने तोंडासमोर उभं राहून. दोघांचंही बरोबरच होतं.
काकासाहेब हसला असता तर बरं झालं असतं. तो गुपचूप कांदे गोळा करत बसला.

२५ मे.
नवा विचार. तीन गिअर मागे आणि एक पुढे, म्हणजे फक्त ड्रायव्हरने उलटं बसायचं. सीट फिरवून पाहिली. पाय पोचत नाहीत. मान धरली.
एलिया बेलापूरला मेहुणीकडे गेला. कधी येणार, सांगितलं नाही.

९ जून.
आसाराम परवा आला. हिचा भाऊ. बैलांच्या दोन जोड्या आणि माणसं घेऊन. मला कुणी विचारलं नव्हतं. मला बारीक ताप होता, म्हणून मी घरात.
दोन दिवसांत रान तयार. जेवताना आसाराम ताटाकडे पाहत म्हणाला, "दाजी, लई आवाज येतो का वो इंजिनाचा?"
म्हटलं, "लई."
संध्याकाळी ही गोठ्यात आसारामच्या एका बैलाची मान खाजवत बसली होती. बैलही मान लांब करून होता. मी दारापर्यंत गेलो. मग परत आलो.

२८ जून.
ही म्हणाली, "ते इंजिन जाग्यावर फिरतंय ना?"
म्हटलं, जागेवर उत्तम फिरतं.
"मग जाग्यावरच फिरू द्या."
तिचा बेत असा: इंजिनाच्या बाजूच्या चाकाला पट्टा लावायचा आणि पिठाची गिरणी चालवायची. गावात गिरणी नाही, बाया डोक्यावर दळण घेऊन नेवाशाला जातात. मी सांगितलं, हे नांगरटीचं यंत्र आहे, याचा अपमान होईल.
ही म्हणाली, "आसाराम दगड बगून आलाय."

१५ ऑगस्ट.
चिंचेखाली छप्पर. चाकं काढून ठोकळ्यांवर ट्रॅक्टर. गिरणी सुरू. छगनच्या बायकोने पहिलं दळण आणलं. हिशेब ही बघते, जात्याचं तोंड आसाराम बघतो, पट्टा मी.
चाकं काढणं तात्पुरतं आहे.

२ सप्टेंबर.
दगड गुळगुळीत झाले, पीठ भरड येतं. ही म्हणाली, दगडांना टाकी लावायला, खाचा पाडायला पाथरवट बोलवा. मी म्हटलं, त्यात काय एवढं, अर्ध्या दिवसाचं काम. छिन्नी घेऊन बसलो. हिने ती माझ्या हातातून काढून घेतली. रागाने नाही. म्हणाली, "तुमी पट्टा बगा. तुमच्यावानी पट्टा कुनाला जमत न्हाई."
पाथरवट आला. दगड उचलायला हात मागितला. दिला.
दुपारी बाजरी बारीक आली. बायांची रांग चिंचेच्या पलीकडे गेली. ही मोठ्याने कुणाशी तरी हसत होती. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.
गोजरबाई दळण न्यायला आल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नाथा, म्हातारा झालास की रं."
म्हटलं, पीठ आहे ते.
घरी येऊन डोकं धुतलं. पीठ गेलं. पांढरं सगळं गेलं नाही.