दोन सीटांची गाडी आणि बाबांची लेथ

३ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र आणि तुझ्या तांबड्या गाडीचा फोटो, दोन्ही मिळाले. हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. म्हणे बाबांची लेथ शर्यतीच्या गाडीला ट्रॉली जोडून नेणार. अरे, लोखंड कातायचं यंत्र ते, लेथ म्हणजे काय कणकेची परात आहे? चार माणसांना ती जागची हलत नाही. आणि तुझी गाडी अशी की वाटेत लिंबू पडलं असलं तरी तिचं बूड घासेल.

डॉक्टरांनी बाबांना सपाटीवर राहायला सांगितलंय, तेव्हा तुझ्याकडे त्यांना जायलाच हवं. ते लेथशिवाय हलायचे नाहीत हेही कबूल. त्यात त्यांचा जन्माचा हट्ट: घरचं काम घरच्यांनीच करायचं, भाड्याचा हात लागता कामा नये. म्हणून ट्रक नको, घरची गाडी हवी. पण घरची गाडी म्हणजे ही? बाबा तुझ्या लाडाने आंधळे झालेत, तू तरी डोळे उघड.

मला एक तारखेला काचेच्या कारखान्यात रुजू व्हायचंय. बरण्या उजेडात धरून बुडबुडे शोधायचं काम आहे. या वयात मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. बाबा इथेच अडकले तर ही नोकरी गेलीच म्हणून समज.

लोभ तुझ्यावर आहे, गाडीवर नाही.
तुझी ताई

१० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे मिरचीची धुरी. घरभर खोकलो. माझ्या गाडीत दोनशे घोड्यांचं बळ आहे, तुझ्या शेजाऱ्याच्या टेम्पोत त्याच्या निम्मंही नसेल. मेकॅनिकने मागे हूक बसवून दिलाय. बसवताना तो सारखा हसत होता, पण त्याचा स्वभावच तसा आहे.

बाबा माझ्या शेजारी बसतील, लेथ मागून येईल. यात ताईला जागा कुठे, असं विचारशील. तुला कुठे यायचंय?

रविवारी येतो. फाटक उघडं ठेव, तोंड बंद.
तुझ्या बोलण्यांचा भुकेला,
धाकटा

१६ मार्च, रविवार
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुम्ही आत्ताच निघालात. तुझ्याआधी हे पत्र पोचेल अशी माझी खात्री आहे.

ट्रॉली जोडल्यावर तुझ्या गाडीचं नाक वर झालं, ते पाहिलंस का? तू पाहिलं नाहीस, तू काच पुसत होतास. शर्यतीचा घोडा नांगराला जुंपायचा आणि वर त्याची आयाळ विंचरायची, अशातली गत. दोनशे घोडे असतीलही, पण त्यांतल्या एकालाही ओझ्याची सवय दिसली नाही.

बाबांना गाडीत वाकून शिरताना माझा हात धरावा लागला. पोचल्यावर त्यांना कोण उठवणार, ते आधी ठरव. पोचल्याचं कळव.
तुझी ताई

२० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. गाडी नाही. आता हसून घे.

पूल ओलांडल्यावर जो चढ लागतो, तिथे क्लच जळला. धुरात पुढचं दिसेना आणि लेथ आम्हाला मागे ओढायला लागली. मी ब्रेक दाबून बसलो. बाबा त्या दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे उतरले आणि त्यांनी चाकामागे दगड लावला. तेवढ्यात कोबीचा ट्रक थांबला. मला वाटलं, बाबा त्याला हाकलणार. त्यांनी लेथकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं की चढवा. रस्त्यावरच्या आठ-दहा जणांनी फळीवरून ढकलली तेव्हा लेथ कोबीत बसली, बाबा केबिनमध्ये बसले आणि माझी गाडी दोरीने ट्रकच्या मागे. मी आत नुसतं स्टिअरिंग धरून. लोक हात हलवत होते.

बाबा आता म्हणतात, नडीला भाड्याचा हातही घरचाच. आणि ऐक, त्यांच्या अंघोळीला, औषधाला मी एक माणूस ठेवला. बाबांनी हूं की चूं केलं नाही. तू सुटलीस, ताई.

राग नसावा.
धाकटा

२७ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कोबीच्या ट्रकमागे दोरीला बांधलेला तू डोळ्यांसमोर आलास आणि मी पोट धरून हसले. मग पुढचं वाचलं.

बाबांना आंघोळ घालायला माणूस ठेवू या, म्हणून मी किती विनवण्या केल्या असतील. एकदा तर एक भला माणूस दारापर्यंत आला होता. बाबांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला, भाड्याचा हात नको म्हणून. त्यापायी मी माझी आधीची नोकरी सोडली, ठरत आलेलं लग्नही सोडलं. बाबांना तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आणि तुझा क्लच जळला तर एका चढावर त्यांचा हट्ट उतरला. मला याचा फार राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

तुझ्या गाडीवर मी उगाच तोंडसुख घेतलं. पेलत नाही म्हटल्यावर ती भर रस्त्यात थांबली, धूर काढला, जगाला दाखवलं. मला इतक्या वर्षांत तेवढंही जमलं नाही.

हे बाबांना वाचून दाखव. गोड करून नको, लिहिलंय तसंच. एक तारखेला मी कामावर जातेय.

लोभ आहेच. उत्तराची घाई नाही.
तुझी ताई