सत्कारात खाकरल्याबद्दल

तीर्थरूप दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच मानून घ्यावा, वाकलो की पोटातलं आम्ल थेट घशात येतं.) तुमची आणि वहिनींची तब्येत ठीक असावी. तीन आठवडे तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून अंदाजानेच लिहितो आहे.

शाळेतल्या तुमच्या निरोप समारंभात जे झालं, त्याचं मला फार वाईट वाटतं. हेडमास्तरांचा सख्खा भाऊ म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं, तिथेच घोटाळा झाला. घशात सकाळपासून कफ अडकलेला. गिळता येईना, थुंकायला जागा नाही, आणि शेजारी संस्थेचे खजिनदार. आवंढे गिळत बराच वेळ तग धरला. अध्यक्ष म्हणाले, "सरांनी छत्तीस वर्षांत एकाही मुलावर हात उगारला नाही," आणि नेमका तेव्हाच माझा धीर सुटला. खाकरलो. तोही असा (माझ्यासारख्या प्रूफं तपासणाऱ्या माणसाचा आवाज एरवी कुणाला ऐकूही येत नाही), की मागचे तुमचे माजी विद्यार्थी खो खो हसत सुटले. टक्कल पडलेले एक गृहस्थ तर स्वतःचा कान चोळत हसत होते. अध्यक्षांनी सावरून घेतलं, "घरीसुद्धा सरांचा आवाज कधी चढला नाही," आणि मी पुन्हा खाकरलो. सन्मानपत्र छातीशी धरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, ती नजर डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्याच दिवशी घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाकातून नळी घालून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "कफ नावालाच आहे. आम्लानं घसा चिडलाय, आणि तुम्ही खाकरून त्याला आणखी चिडवताय." तेव्हापासून चहा बंद, जेवून लगेच आडवं होणं बंद, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी. शिवाय पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. रोज सकाळी मी घसरत पायथ्याशी गोळा झालेला असतो आणि तुमची भावजय मला पांघरुणात चाचपून शोधते. एवढं भोगतो आहे, तेव्हा आजाराचा राग माझ्यावर काढू नये.

तुमचा,
धाकटा

ता. क. पहिलं खाकरणं कफाचं होतं. दुसऱ्या वेळी घसा मोकळा होता. खरं तर त्याचीच माफी मागायला हे पत्र.

आणखी एक. रविवारी सकाळी येतो. हवं तेवढं ओरडा, मी मधे बोलणार नाही.