शनिवारची सूची

सोमवार, ता. ४ मे

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं पुराव्यात धरत नाहीत असं तुम्ही नेहमी म्हणता, म्हणून सगळं लिहूनच कळवते. आधी कान धरते, तुमच्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. मामींचा गुडघा कसा आहे? तुम्ही स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावलेत आणि तेव्हापासून मीठ सापडत नाही, असं त्यांच्या चिठ्ठीत होतं. तुमची बाजू ऐकल्याशिवाय मी निकाल देणार नाही.

काम असं आहे. शाळेच्या चारही बस माझ्याकडे आहेत. तीन नंबरच्या बसचे जुने ड्रायव्हर काम सोडून मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागेसाठी सात जण येऊन गेले आणि त्यातला एकच माझ्या मनात भरला. चाळिशीचा, अंगाने बारीक, बोलणं बेताचं. चाचणीत बस मागे घ्यायला सांगितली, तर हा आधी खाली उतरला, मागे जाऊन वाकून चाकांखाली बघून आला आणि मगच गाडी मागे घेतली. बाकी सहा जणांनी आरशात बघितलं, तेही दोघांनी नुसतं बघितल्यासारखं केलं.

पण शाळेच्या नियमाप्रमाणे एजन्सीकडून माहिती मागवली, तर एका ओळीचा कागद आला. अकरा वर्षांपूर्वी, तुमच्याच कोर्टात, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी, दंड वसूल. मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला की आपण दारूला कधी शिवलेलो नाही. मोठ्या बाईंचं म्हणणं, असं सगळेच म्हणतात. त्यांचंही चूक नाही, बसमध्ये बत्तीस मुलं असतात. पिणारा मला नकोच आहे, पण खरं बोलणाऱ्याला हाकलल्याचं पापही नको. शाळा आठ जूनला उघडते. तोवर जागा रिकामी ठेवायला बाई कशाबशा तयार झाल्या आहेत.

एकतीस वर्षं तुम्ही तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये काढलीत. त्या केसचा मूळ कागद बघायला मिळेल का? की हे काम आता तुमच्या वयाला झेपणार नाही?

मामींना नमस्कार. भाचीवर आहे तसाच जीव असू द्यावा.

तुमची,
भिंगरी

शनिवार, ता. ९ मे

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वयाचं काढलंस तेव्हाच ओळखलं की मला डिवचून काम करून घ्यायचं आहे. तुझी आईही असंच करायची. तुझं पत्र वाचून मामी म्हणाली की म्हाताऱ्याला कोणीतरी खेळणं आणून दिलं. डब्यांबद्दल एवढंच सांगतो, मीठ म-च्या फळीवर आहे आणि ते तिलाही ठाऊक आहे.

आता नीट वाच. जुनी केस शोधायला तीन पायऱ्या असतात. नावावरून सूचीत बघायचं, तिथे केसचा नंबर मिळतो. नंबरावरून रजिस्टर काढायचं, त्यात आरोपीचं नाव, वय, धंदा, निकाल, सगळं असतं. रजिस्टरावरून मूळ कागदांचा गठ्ठा. किरकोळ दंडाच्या केसचे गठ्ठे काही वर्षांनी रद्दीत काढतात, सूची आणि रजिस्टर मात्र कायम राहतात. तुझ्या एजन्सीवाल्यांनी पहिली पायरी चढली आणि वर पोचलो म्हणून घरी गेले.

मी गुरुवारी गेलो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथे रेकॉर्डकीपर आहे, तिला चष्मा लागलाय. तिने कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि चहा येण्याच्या आत तीच ओळ समोर आली. मी म्हटलं की आता रजिस्टर काढ. तिने माझ्याकडून रीतसर अर्ज लिहून घेतला, ओळखीवर चालवलं नाही. मला फार बरं वाटलं. गठ्ठा रद्दीत गेलेलाच होता. रजिस्टर सगळ्यात वरच्या फळीवर, त्यासाठी शिडी आणि शिडी धरायला शिपाई. शिडीवर मी चढलो हे मामीला कळवू नकोस.

आणि भिंगरे, रजिस्टरात त्या नंबरासमोर नाव भलत्याच माणसाचं आहे. एकाच माणसाची दोन नावं असतील म्हणावं, तर वय चोपन्न. धंदा, लाकडाचा व्यापार. तुझा ड्रायव्हर तेव्हा तिशीचा असणार. म्हणजे रजिस्टर एक सांगतं आणि सूची दुसरंच. दोनपैकी एक खोटं बोलतंय, आणि रजिस्टर न्यायाधीशांसमोर भरतात, ते सहसा खोटं बोलत नाही.

मग सूचीत हे नाव आलं कुठून? माझा संशय कॉम्प्युटरवर भराभर टाइप करणाऱ्या पोरांवर आहे. चार वर्षांपूर्वी जुन्या सूच्या त्यांनी भरल्या. कागदावरची मूळ सूची तळघरात आहे, ती पुढच्या आठवड्यात काढून मिळेल. ज्याने हा घोळ घातला त्याचं नाव शोधल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. तू तेवढ्यात त्याला विचार की अकरा वर्षांपूर्वी तो काय करत होता. दरडावून विचारू नकोस.

उत्तर लवकर धाड, इथे उत्सुकतेने जीव जातोय. तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद.

मामा

बुधवार, ता. १३ मे

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला भेटायला गेले. तो सध्या एका गोदामात पोती उचलतो. तिथेच पायरीवर बसून बोललो.

मामा, तो त्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडेच ड्रायव्हर होता. त्या दिवशी त्याची रजा होती. मालक कुठल्याशा समारंभातून पिऊन निघाले, स्वतःच गाडी घेतली आणि चौकातला सिग्नलचा खांब पाडला. सकाळी त्यांना कोर्टात यानेच नेलं. मालकांनी आत गुन्हा कबूल केला, दंड झाला, आणि पैसे याच्या हातात देऊन ते निघून गेले. रांगेत उभं राहून हा दंड भरून आला. त्याचा त्या केसशी संबंध म्हणाल तर एवढाच.

पुढच्या वर्षी तो धंदा बंद पडला. तेव्हापासून त्याने नऊ ठिकाणी अर्ज केले. आठ जणांनी कळवू म्हणून सांगितलं. एकाने कोर्टात काहीतरी आहे असं मोघम सुचवलं, ते त्याला नाही म्हणण्याचं निमित्त वाटलं. हे सगळं तो दुसऱ्याची हकीकत सांगावी तसा सांगत होता आणि मला मात्र भरून आलं.

तुमचा चोर सापडला की त्याला माझ्या वतीनेही दोन शब्द सुनवा. फक्त फार ओरडू नका, रक्तदाब वाढेल आणि मामी मला धरतील.

त्यांच्या गुडघ्याला तेल लावायला विसरू नये. पत्राची वाट पाहते.

तुमची,
भिंगरी

रविवार, ता. १७ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कागदावरची सूची शुक्रवारी मिळाली. तुझ्या ड्रायव्हरचं नाव तिच्यात आहे, निळ्या शाईत, सुवाच्य, खाडाखोड नाही. अक्षर माझं आहे.

कसं झालं तेही सांगतो, कारण ते मला लगेच कळलं. सूची रजिस्टरावरून करायची असते. पण आठवडाभर रजिस्टर कोर्टात अडकलेलं असे, मिळे तेव्हा चार जणांच्या हातातून फिरून. दंड भरायची खिडकी मात्र तेव्हा माझ्याकडेच होती, पावत्यांच्या कार्यालयात राहणाऱ्या स्थळप्रती तिथेच असत आणि त्यांवर केसचा नंबरही असे. म्हणून दर शनिवारी मी त्या पावत्यांवरून सूची लिहायचो. पटकन व्हायचं आणि पान देखणं दिसायचं. शंभरातले नव्वद आरोपी स्वतःच दंड भरतात, त्यामुळे नाव जुळायचं. बाकीच्या दहांचा विचार मी केला नाही. पावतीवर नाव भरणाऱ्याचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू शकत नाही. पावत्याही मीच फाडत होतो.

कॉम्प्युटरवाल्या पोरांनी जसंच्या तसं उतरवलं. मी त्यांना नाही नाही ते बोललो.

वाईट याचं वाटतं की माझी सूची अजून नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात. ती मुलगी शेजारीच उभी होती. तिने अक्षर ओळखलं. मग हळूच म्हणाली की ड्रायव्हरच्याच नावाने दुरुस्तीचा अर्ज टाकू, लेखनिकाची चूक एवढंच लिहू, नाव लिहायची गरज नाही. त्या मार्गाने तारीख पडायला तीन-चार महिने लागतात. सूची लिहिणाऱ्यानेच प्रतिज्ञापत्र केलं तर न्यायाधीश एका बैठकीत दुरुस्ती देतात. मी अजून काही ठरवलेलं नाही. दोन दिवस जेवण जात नाही, मामीला पोटाचं सांगितलंय.

मामा

बुधवार, ता. २० मे

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून एक संध्याकाळ मला तुमचा राग आला. शाळेतल्या माझ्या पहिल्या वहीवर तुम्ही रेघा आखून दिल्या होत्या, तो मामा आणि हा मामा एकच, हे मनाला पटेना. सकाळी राग गेला. चूक तुम्ही स्वतः शोधलीत आणि स्वतःच लिहून कळवलीत. दुसऱ्या कोणी ते पान शांतपणे मिटून ठेवलं असतं आणि मला काही कळलंही नसतं.

मी मोठ्या बाईंना व्यापाऱ्याची सगळी गोष्ट सांगितली, तुमचं नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या की गोष्टी खूप ऐकल्या आहेत, शिक्का असलेला कागद आणा. आठ तारखेनंतर त्या दुसऱ्याला घेणार. रांगेत दुसरा आहेही, आरशात बघितल्यासारखं करणाऱ्यांपैकी एक.

तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. तुमच्यापुढे मी अजून फ्रॉकमधलीच आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र केलं नाहीत तरी मी तुमची भाचीच राहीन. एवढंच सांगते की त्याला अजून काही बोलले नाही. आशा लावून ती मोडायची, हे त्याला दहाव्यांदा नको.

दोन घास जेवून घ्या. मामींना पोटाचं पटलेलं नाही, त्यांची चिठ्ठी मला आली आहे.

तुमचीच,
भिंगरी

शनिवार, ता. ६ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिक्क्याचा कागद तुला गुरुवारी मिळाला, आणि सोमवारी तुझा ड्रायव्हर बसवर रुजू होतोय, हे तुझा फोन आला तेव्हा मामीने मला सांगितलं. फोनवरचं असूनही मी ते पुराव्यात धरलं.

प्रतिज्ञापत्र केलं. न्यायाधीश वयाने तुझ्याएवढ्या. त्यांनी विचारलं की ही पद्धत किती वर्षं चालली होती. नऊ वर्षं, मी सांगितलं. मग त्या बराच वेळ लिहीत होत्या. त्याचं नाव त्याच दिवशी काढायचा हुकूम झाला, आणि नऊ वर्षांची सगळी सूची रजिस्टराशी ताडून बघायचाही. ते काम मी मागून घेतलं. रोज दहा वाजता जातो, ती मुलगी अर्ज घेते आणि टेबल देते. आतापर्यंत अशी सव्वीस नावं सापडली. त्यात एक नर्स आहे, वडिलांचा दंड भरायला आलेली.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. हुकुमाची एक प्रत त्याला मी स्वतः नेऊन दिली. काल सकाळी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात चपला ओळीने लावलेल्या. त्याच्या बायकोने कागद उभ्याने वाचला, दोनदा वाचला, आणि आत गेली. नोकरी मिळत नाही म्हणजे पीत असणार, असं धरून तिच्या माहेरी त्याला इतकी वर्षं दारुडा समजत होते, हे त्याने मग सांगितलं. मी माझं सगळं कबूल केलं. हात जोडले. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला की तुम्ही खिडकीतले साहेब.

त्याला मी आठवत होतो, भिंगरे. त्या दिवशी सगळे त्याच्यावर खेकसत होते, एकट्या मीच नीट बोललो, असं तो म्हणाला. पावती घेताना त्याने मला विचारलं होतं की साहेब, मी नुसता ड्रायव्हर आहे, माझं नाव कुठे जाणार नाही ना. आणि मी म्हणालो होतो की काळजी करू नका, हे पावतीपुरतं आहे, कुठे जात नाही. म्हणून पुढे कोणी कोर्टाचं सुचवलं, तरी तो बायकोला शपथेवर सांगायचा की तिथे काही नाही, खुद्द साहेबांनी सांगितलंय. म्हणूनच तो कधी बघायला आला नाही.

हे त्याने रागाने सांगितलं नाही. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत सांगितलं.

मला तो आठवत नाही. खूप प्रयत्न केला, चेहरा आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे. खिडकीशी घाबरून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगायचो, आणि ते घरी जाऊन निश्चिंत झोपायचे.

म्हाताऱ्यावर माया कमी करू नकोस.

मामा