घोटलेली भिंत

दि. ८ मार्च

ती. ताईस सा. न.

आणि मी बजावलं तरी तुम्ही तेच लिहिता, की माती वरपासून खालपर्यंत एकसारखी तपकिरी आहे, कोरडी ठणठणीत आहे, तळघर बांधायला हरकत नाही. एकसारखी नाही दिसणार तर काय होईल? भाऊजी पडले सुतार. नमुन्याचा खड्डा बघायला उतरले आणि थापीने भिंत घोटून आरसा केला. वर तू ते कौतुकाने कळवतेस! घोटलं की वरची माती खाली फासली जाते, खरे रंग आत दडतात. इथे माती तपासायच्या कामावर मी असं केलं असतं तर आमच्या साहेब बाईंनी मला त्याच खड्ड्यात पुरलं असतं.

बाई छत्रीखाली बसतात, मी छातीएवढ्या खड्ड्यात उभा. सुरीचं टोक खुपसून ढेकूळ उचकटायचं, ओलं करायचं, रंगांच्या चौकोनांच्या पुस्तकाशेजारी धरायचं. मग ठिपके किती, केवढे, ठळक की पुसट, ते ओरडून सांगायचं. माझा घसा गेलाय. पण एक पक्कं कळलंय. करडी माती आणि तीत गंजासारखे ठिपके दिसले, की दरवर्षी तिथवर पाणी चढतं आणि उतरतं. आज कोरडी असली तरी. तुमची सगळी पुंजी लाकडात आहे, ते लाकूड तुम्ही तिथे ठेवणार. भिंत उचकटा, मग बोला. तोवर तळघरासाठी माझ्याकडून दमडी मिळणार नाही.

राग धरू नकोस, लोभ तेवढा धर.

तुझा,
भिंगरी

दि. १७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

घसा गेला म्हणतोस, लेखणी बरी शाबूत आहे. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मी वाचत थापीच्या ओळीपाशी आले तशी ह्यांनी रंधा खाली ठेवला आणि म्हणाले, “साल्याला कळव, माती त्याने खणावी, लाकूड मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर भाजीची सुरी घेऊन मीच उतरले. कमरेपर्यंत तपकिरी. त्याखाली उचकटलं तर राखेसारखी करडी, तीत डाळीच्या दाण्याएवढे तांबडे ठिपके, आणि जुन्या मुळांच्या भोकांना नारिंगी कडा. ढेकळं ह्यांच्या कामाच्या बाकावर मांडून ठेवली.

संध्याकाळी आधी म्हणाले, खिळ्यांचा गंज असेल. मी विचारलं, न खणलेल्या जमिनीत खिळे कोणी ठोकले? मग स्वतः उतरले. वर आले ते थेट कोपऱ्यातल्या एका टाकाऊ फळीकडे. कुणाच्या तरी गोदामात भिजून वाळून, पुन्हा भिजून डागाळलेली. तिच्यावर ढेकूळ ठेवून दोन्हींचे डाग ताडून बघत बसले. तळघर खणणारी माणसं एक तारखेला यायची आहेत. हे त्यांना या म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. मी काय करू?

जपून राहा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस सा. न.

म्हणजे कळलंय, दिसलंय, आणि नाही म्हणायला जीभ वळत नाही! मी इथे दिवसभर परक्यांच्या मातीचे डाग मोजतो, आणि घरच्या डागासाठी पत्रामागून पत्रं खरडायची. वैताग आलाय नुसता.

बरं, असं कर. साल्याचं ऐकलं असं कोणी म्हणू नका. फळी भाऊजींनी ओळखली, मी नाही. मला ढेकळं कळतात, फळीची गोष्ट माझ्या डोक्यातही आली नसती, आणि हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. सुतारानेच तळघर नाकारलं असं माणसांना कळव, एक तारखेच्या आत. खड्डा बुजवा. जोतं उंच घ्या, लाकडाची खोली त्यावर बांधा. वरची जमीन भाऊजींना हवी तेवढी घोटू दे, तिथे आरसा चालेल.

तळघराला देणार नाही म्हटलं होतं, ते कायम. हे पाठवलेले पैसे जोत्याच्या भरावासाठी आहेत, भाऊजींच्याच हातात दे. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
भिंगरी

मनीऑर्डर केली आहे: चार हजार आठशे.