फंडातून बांधलेली खोली

दि. ४ मार्च

चि. बंधूस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या वहिनीला जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून पेन हातात धरवत नव्हतं. आता मात्र अगदी गळ्याशी आलं आहे.

इथे परदेशी मुलाकडे आल्यावर मी छापखान्याच्या बाइंडिंग खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा फंड काढून तुझ्याकडे दिला. भारतातून मिळालेली अशी रक्कमही इथल्या सरकारला कळवावी लागते. आमचे कागद भरून देणाऱ्या टॅक्सवाल्या बाईंनी गेल्या वर्षी तसं विचारलं, तेव्हा मी चटकन नाही म्हणालो. आपल्याच घामाचे पैसे आपणच काढले, त्याला मिळकत कशी म्हणायची? सातवी शिकलेल्याची अक्कल! आता नोटीस आली आहे. किती रक्कम मिळाली, तिकडे कर किती कापला, याचा फंड कार्यालयाचा दाखला हवा आहे, तो तू मिळवून पाठव.

बाईंनी मुलासमोरच विचारलं, पैसे कशासाठी काढले. मला खोटं सुचलं नाही. आम्हा दोघांना परत जायचं होतं, भावाच्या घरावर खोली बांधत होतो, असं सांगून टाकलं. मुलाने गाडी काढली. गाडीत एवढंच म्हणाला, की आई माझ्याकडे सुखात नव्हती का. तेव्हापासून ताट वाढतो, पण बोलत नाही.

तब्येतीला जप. मुलांना माझे आशीर्वाद.
तुझा दादा

दि. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दाखल्यासाठी दोनदा खेटे घातले. कारकून म्हणतो, साहेब रजेवर आहेत. आता गेलो की तिथेच पथारी टाकतो, मग बघू कसा देत नाही.

दादा, एक गोष्ट लिहायचा धीर होत नव्हता. वहिनी गेल्यावर तुम्ही एकटे कशाला याल, असं धरून ती खोली आमच्या थोरल्याला दिली. त्याचं नुकतंच लग्न झालं. तुम्ही म्हणाल तर आठवड्यात रिकामी करतो. वहिनींनी फोनवर सांगितलेला फिकट निळा रंगच भिंतींना दिला आहे. चुकलं असेल तर कान धरा, पण अंतर देऊ नका.
तुमचा धाकटा

दि. २ एप्रिल

चि. बंधूस,
अनेक आशीर्वाद.

खोली मुळीच रिकामी करू नकोस. नव्या जोडप्याला उठवून मी कुठे झोपू?

आता लपवाछपवी नको म्हणून तुझं पत्र मुलाच्या हाती दिलं. निळ्या रंगाची ओळ त्याने पुन्हा वाचली. कर आणि दंड मी भरतो म्हणाला. मग विचारलं, खोली रिकामी असती तर तुम्ही गेला असतात का. मी चटकन नाही म्हणालो. तर म्हणतो, टॅक्सवाल्या बाईंनाही तुम्ही असंच नाही म्हणाला होतात.

बाईंसाठी सगळे आकडे काल त्याला लिहून घ्यायला सांगत होतो. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, दाखल्याचा कागद येऊ दे. पूर्वी मी सांगेन ते तो डोळे मिटून खरं धरायचा रे. पंधरा तारखेच्या आत सगळं भरायचं आहे. दाखला मिळो न मिळो, काय झालं ते तुझ्या हातच्या दोन ओळींनी तरी लगेच कळव.
तुझा दादा